बालवाडीचा कौल

"बाबलीआजोनू, आमच्या बालवाडीच्या बाईक पगार कित्याक नाय?"

रसिकानं विचारलं आणि समाजमंदिरात पंखा तेवढा गरगरत राहिला. पुरुष सतरंजीवर बसले होते, बायका दाराकडच्या भिंतीला टेकून, आणि मधोमध ही उभी. दहावीतली पोर, दोन वेण्या, चिखलानं माखलेले पाय. वाडीच्या बैठकीत आजवर कुठलं चेडू असं उभं राहून बोललेलं नव्हतं. एखाद्या बाईला काही म्हणायचं असलं तर ती नवऱ्याच्या कानाशी लागायची, मग नवरा खाकरायचा आणि बोलायचा.

हे सगळं सुट्टीआधी एसटीत ठरलं होतं. मालवणच्या वक्तृत्व स्पर्धेत रसिकाचा दुसरा नंबर आला, तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. वर्गात उत्तर येवो न येवो, हिचा हात वर. वाडीतल्याच तिच्या दोन मैत्रिणी, भक्ती आणि किशोरी, यांनी तिला बरोबर पकडलं.

"माइकासमोर कोण पण बोलात गो," भक्ती म्हणाली. "परीक्षकांका तुजी आवस कोण ती ठावक नसता. वाडयेच्या बैठकीत इचारून दाखव."

"काय इचारू?"

"तुज्या आवशीचा. पगार कित्याक नाय म्हणान."

किशोरीनं जत्रेतल्या गोड खाजाची अख्खी पुडी पैजेला लावली. खाजासाठी रसिकानं याहून अवघड गोष्टी केल्या असत्या.

बालवाडी वाडीची स्वतःची होती. आधी ठाकरवाडीतली पोरं खालच्या गावातल्या अंगणवाडीत जायची. तिथे ती दाराजवळ बसायची, खाऊ त्यांच्यापर्यंत शेवटी यायचा, आणि तोंड उघडलं की बाकीची पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची. मग पोरं तोंडच उघडेनाशी झाली. तेव्हा वाडीनं ठरवलं की आपली पोरं आपण शिकवायची, समाजमंदिरात, आपल्या बोलीत. मंगेशची बायको सीता, म्हणजे रसिकाची आई, बारावी झालेली, तेव्हा तीन वर्षांची रसिका तिच्या कडेवर. तिला सांगितलं, तू बस. काय देणार ते कोणी बोललं नाही, तिनं विचारलं नाही. कापणीनंतर घरटी पायलीभर भात आणि गणपतीला मुंबईकर आले की पाकिटात घालून मानधन, असा रिवाज पडला आणि तोच चालू राहिला. यंदा पाकिटाऐवजी शाल दिली.

बाबलीआजो वाडीचे मानकरी. ते रागावले नाहीत, बोळकं तोंड उघडून हसले.

"गो चेडवा, सीता काय परकी आसा? आमचीच सून ती. घरच्या बायलेक खंय पगार दितत?"

"तसा म्हटल्यार माज्या आवशीचो पण पगार काढा," मागून प्रीतम म्हणाला. "इतकी वर्सां चूल फुकता ती." सगळे हसले. बायकाही हसल्या.

वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाचा चिटणीस गुरुप्रसाद दिवाळीला आलेला होता. त्यानं मोबाइल खाली ठेवला आणि ऑफिसातली मराठी काढली. "हे बघ बाळ, आपण मानधन देतो. पगार म्हटला की हजेरी आली, रजा आली, उद्या फंड मागाल. ही समाजाची संस्था आहे. सेवा आहे."

"मगे कमानीक पैशे खंयसून इले?" रसिकानं विचारलं. वाडीच्या तोंडावर नवी सिमेंटची कमान उभी राहिली होती, देणगीदारांच्या नावांसकट.

"कमानीचा फंड वेगळा असतो."

रसिकाला आता स्पर्धेतल्यासारखं वाटत होतं, पुढचं वाक्य जिभेवर तयार. पण बाबलीआजोंनी हात वर केला. "पैशाचा बोलणा माणसांनी केला की वाडी फुटता. देवाक इचारूया. आयतवारी कौल लावया."

"हां, तां बरा," सगळे एकदम म्हणाले. चहाचे पेले फिरू लागले.

जिंकलंय, रसिकाला वाटलं. तिनं भक्तीकडे बघून भुवया उडवल्या. आईकडे बघितलं तर भिंतीजवळची जागा रिकामी होती. चहा यायच्या आधीच सीता चपला घालून निघून गेली होती.

घरी आल्यावर रसिकानं विचारलं, "आई, वायट बोललंय काय?"

"नाय."

"मगे तू उठलंस कित्याक?"

"भात झाकूचा होता. आभाळ इला."

*

दिवाळी होऊन गेली तरी पाऊस हटायला तयार नव्हता. कापलेलं भात मळ्यात भिजत पडलं होतं. सकाळी ऊन दाखवायचा आणि पेंढ्या उलट्या करून पाठ ताठ करतोय तोवर पुन्हा शिंतोडे. खालच्या पेंढ्यांना पांढरे कोंब फुटले होते. मंगेश ज्या चिरेखाणीवर कामाला जायचा तिच्यात पाणी साठून ती गणपतीपासून बंद होती. तो दिवसभर मळ्यातच असायचा. फार बोलणारा माणूस नव्हता, आता तर पेंढी उचलताना हुंकारायचा तेवढाच.

"शिमग्यापर्यंत पुरात?" रसिकानं भाताकडे बघत विचारलं.

त्यानं एक लोंबी हातावर चोळली, फुंकली, आणि तळवा तिच्यासमोर धरला. दाणे काळे होते. तो पुन्हा वाकला.

हायस्कूलला सुट्टी होती, पण बालवाडी भाऊबीज झाल्या झाल्या सुरू झाली, कारण आयांना मळ्यात जायचं होतं. रसिका आईच्या मदतीला जाऊ लागली. इतकी वर्षं ती आईला रोज त्या दारातून आत जाताना बघत होती. लहानपणी तीही तिथेच बसली होती, पण आत आईला काय काय करावं लागतं ते तिनं कधी नीट बघितलं नव्हतं.

आधी विहिरीवरून पाणी. मग सतरंज्या झटकायच्या, रात्री आत शिरलेल्या कुत्र्याची घाण काढायची, तीन दगडांच्या चुलीवर पेज चढवायची. ओलं लाकूड पेटायचं नाही. सीता गुडघ्यावर बसून फुंकायची आणि उठताना उजव्या गुडघ्यावर हात दाबून उठायची. मग पोरं यायची. शेंबडी, अर्धी झोपेत, एकेक आईच्या लुगड्याला चिकटलेलं. नवं पोर रडत आलं की सीता त्याला जवळ घ्यायची नाही. त्याच्या हातात झाडू द्यायची आणि स्वतः त्याच्या पुढे पुढे सुकलेली पानं सांडत चालायची. पोर हुंदके देत देत झाडायला लागायचं. दाराशी पोचेपर्यंत रडणं कुठे सांडलं ते त्यालाही कळायचं नाही.

"ह्या तुका कोणी शिकवलान?" रसिकानं विचारलं.

"कोण शिकवतला? ती पेज ढवळ, करपात."

त्या आठवड्यात मात्र आयांचं वागणं बदललं होतं. कोण येताना पडवळ आणायची, कोण दोन अंडी. ते थांबलं. सिद्धेशची आई पोराला उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "सीतावयनी, पगार झालो की आमची पायली बंद मां?"

"बघूया गो."

"नाय, आदीच सांगलेला बरा. भात सगळा कुसला आमचा."

ती गेली. सिद्धेश आत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाई, माजी आये म्हणता तुका पैशे व्हये झाले."

पोरं बघायला लागली. सीतानं पदराचं टोक त्याच्या नाकाला लावलं. "शिकर बघू. जोरान."

दुपारनंतर मळ्यात तेच. वाडीत एकमेकांच्या कापणीला जायची पद्धत, आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. सीता विळा घेऊन बांधावर उतरली की कोणीतरी म्हणायचं, "बाजूक व्हया गो, पगारदार बाई इली." बायका हसायच्या. वाईट हसणं नव्हतं ते. सीताही ओठ हलवायची. मग ओळीत वाकायची आणि कापत जायची. तिच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. घरी आली की खोबरेल आणि हळद लावून पाय पसरून बसायची, भिंतीकडे बघत.

रसिका तिच्यासमोर बसून बडबडायची. कौल लागल्यावर गुरुप्रसाददादाला काय सांगायचं, पगार बँकेत कसा घ्यायचा, बालवाडीला नवी सतरंजी. सीता ऐकायची. ऐकायची की नाही ते कळायचं नाही.

शुक्रवारी शेजारची लक्ष्मी आली. ती वेंगुर्ल्याच्या काजू फॅक्टरीत जायची. टेम्पो सकाळी बायकांना भरून घेऊन जायचा, काळोख पडायला आणून सोडायचा.

"सीता, गाडयेत एक जागा रिकामी झाली," ती उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "सोमवारी सकाळी सात. कमानीकडे उभी रव. हफ्त्याक पैशे, हातात."

"तू बोललंस माज्यासाठी?"

"बोललंय. सुपरवायझर म्हणालो सोमवारी नाय इली तर दुसरी बसवतलंय."

सीतानं लक्ष्मीची बोटं हातात घेतली. काजूच्या सालीच्या तेलानं ती काळी पडली होती, टोकाला कातडी निघालेली.

"ह्ये डाग जातत?"

"जाणत नाय. पण थंय कोण तुका घरची म्हणणत नाय."

मंगेश पडवीत विळ्याला धार लावत होता. लक्ष्मी गेल्यावर तो न बघता म्हणाला, "मगे?"

"आयतवारी कौल आसा," सीता म्हणाली. "देवान पगाराचा व्हय म्हटला तर मी खंय जावचंय नाय. पोरांका सोडून माका थंय काय गोड लागतला?"

"आणि नाय म्हटलान तर?"

"तर सोमवारी गाडी."

एवढं सरळ होतं. रसिका त्या रात्री छान झोपली. कौल उजवाच लागणार याची तिला इतकी खात्री होती की तिनं किशोरीकडून खाजाची पुडी आधीच मागून घेतली.

*

वाडीचा राखणदार किंजळाच्या झाडाखाली. देऊळ नाही, कळस नाही, शेंदूर फासलेला कमरेएवढा दगड. रविवारी सकाळी पाऊस नव्हता. सगळी वाडी गोळा झाली. बाबलीआजोंनी दगड धुतला, भिजवलेल्या दोन कळ्या घेतल्या, एक दगडाच्या उजव्या अंगाला चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

सीता बायकांच्या पुढे उभी होती, धुवट पातळ नेसून. रसिका तिच्या शेजारी.

आजोंनी नारळ हातात धरला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. म्हातारा एरवी बोलताना धापा टाकायचा, पण गाऱ्हाण्याला आवाज असा काही फुटायचा की झाडावरचे बगळे उठायचे.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळी वाडी.

"आज ही तुजी लेकरां तुज्या पायांकडे इलीत, तेंची हाक आयक रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आमची बालवाडी इतकी वर्सां तुज्याच किरपेन चलली. तिका कोणाची दिष्ट लागली आसात, कोणाच्या मनात आडवा-तिडवा इला आसात, कोणी लहान तोंडान मोठा बोलला आसात, तां पदरात घे आणि वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" रसिकाचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. लहानपणापासून ती हे म्हणत आली होती. होळीला, जत्रेला, नांगरणीच्या आधी. आजोंचा सूर वर चढला की छाती आपोआप भरते आणि तोंडातून निघतंच. त्यात आता स्पर्धेचा कमावलेला आवाज.

"सीताबाई ह्या पोरांची दुसरी आवस. तिना खंय न जाता हयसरच रवान पोरां सांभाळूची, असा तुज्या मनात आसात तर उजवो दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

हे शेवटचं म्हणून झाल्यावर रसिकाचं तोंड उघडंच राहिलं. पगार हा शब्द कुठे आला? ती मनात पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागली. आला नव्हता. देवाला दुसरंच काहीतरी विचारलं होतं, आणि तिनं सगळ्यांत मोठ्यानं होय म्हटलं होतं. तीन वेळा की चार वेळा. आपल्याबद्दलच्या ओळीलासुद्धा.

आता बोलावं, तिला वाटलं. थांबा म्हणावं. पण कळ्या लागलेल्या असताना कोणी बोलत नाही. कोणी खोकतसुद्धा नाही. तिनं आईकडे बघितलं. सीताचे हात जोडलेले होते, डोळे दगडावर. ती सगळं ऐकत होती.

पाणी दगडावरून सावकाश ओघळलं. उजवी कळी सुटली आणि खाली पडली.

"लागलो! उजवो लागलो!" बायकांनी सीताला घेरलं, कोणी हळद लावली, कोणी कुंकू. सिद्धेशच्या आईनं तिला मिठी मारली आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. बाबलीआजोंनी नारळ सीताच्या ओटीत घातला. गुरुप्रसादनं फोटो काढले, मंडळाच्या ग्रुपवर टाकले.

किशोरी रसिकाच्या कानाशी आली. "गो, पगाराचा खंय इचारल्यानी?"

"नाय इचारल्यानी."

"मगे तू गप कित्याक रवलंस?"

रसिका गर्दीतून वाट काढत आजोंपाशी गेली. ते झाडाच्या मुळावर बसून दम खात होते.

"आजोनू, पगाराचा इचारलात नाय."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता. "देवाकडे पैशे मागतत काय गो बाय? देवाकडे माणूस मागूचा. देवान माणूस दिल्यान. आता सगळा बरा जातला."

लबाडी असती तर भांडता आलं असतं. त्यांच्या तोंडावर ती कुठेच नव्हती.

*

घरी सीतानं पातळ बदललं, नारळ फोडला आणि विळीवर खवायला बसली. नारळ गोड निघाला. रसिका चुलीच्या कट्ट्यावर बसली. बसल्या जागेवरून तिला उठावंसं वाटेना. पायाला मुंग्या येऊन तो आपला नाहीसा होतो तसं सगळं अंग झालं होतं. खाजाची उरलेली पुडी फळीवर होती. तिनं तिच्याकडे बघितलं आणि बघायचं सोडून दिलं.

उन्हं उतरायच्या वेळी लक्ष्मी आली. तिनं आत पाऊल टाकलं नाही.

"मगे? सुपरवायझराक काय सांगू?"

"देवान उजवो दिल्यान," सीता म्हणाली.

"तां आयकलंय. मी तुका इचारतंय."

सीता खवत राहिली. "सकाळी गाडी कमानीकडे उभी रवतली. दोन मिन्टां," एवढं बोलून लक्ष्मी गेली.

मंगेश पडवीतून आत आला. पाट ओढून बसला.

"देवान सांगल्यार काय करतलंस," तो म्हणाला. ते सीताला होतं की स्वतःला, ते कळलं नाही.

"आई," रसिका म्हणाली. "तुका राग येणा नाय?"

सीतानं विळी थांबवली आणि विचार केला. उगाच नाही, खरंच केला. फळीवर मागे सरकलेला डबा चाचपावा तसा.

"पयले येय," ती म्हणाली. "सुरवातीक. गणपतीत पाकीट देयत तेवा येय. रात रात निज नसायची. आता हात घातलो तरी काय गावणा नाय."

"शाल दिल्यानी तेवा?"

"तेवा पण नाय. शाल बरी होती. तुज्या बापाशीक थंडीत होतली."

तिनं खोबरं ताटलीत झटकलं आणि करवंटी बाजूला ठेवली. तिचा चेहरा मळ्यात वाकलेली असताना असायचा तसाच होता, बैठकीत होता तसाच, कळी पडताना होता तसाच. रसिकाला वाटलं, मी आणखी काही वर्षं इथे अशीच बसून राहिले तर माझाही असाच होईल, आणि मला ते कळणारही नाही.

ती कट्ट्यावरून उतरली. दोघांच्या समोर उभी राहिली.

"बाबा, आई, आयका. उद्या आई सातच्या गाडयेत बसतली."

मंगेशनं मान वर केली. "काय बोलतंस तू?"

"बसतली. आणि समाजमंदिराच्या दारात मी उभी रवतलंय. पोरां घेऊन ज्यो ज्यो येतल्यो तेंका एकेकीक सांगतलंय, बाई येवची नाय. पगार ठरवा, मगे येतली. तोपर्यंत दार बंद."

"देवाचो कौल मोडूक जातंस?" मंगेशचा आवाज बारीक झाला. "वाडी आमका धरून ठेवात काय मगे? कापणेक कोण येतला?"

"नाय येवचे कदाचित. आपण तिघांनी कापूया. कुसलेलाच आसा."

सीता तिच्याकडे बघत होती. पहिल्यांदाच बघत होती, बैठकीच्या दिवसापासून. "आजोंका तू सांगतलंस?"

"पयल्यांदा तेंकाच. आज रात्री न्हय, सकाळी. तेंच्या तोंडार."

"पोरां रडतली गो दारात."

"रडतली. माका म्हायत आसा." तिचा आवाज स्पर्धेतला नव्हता, कुठेच चढत नव्हता. "आणि आई, कोण म्हणाली, बाई नाय तर तू बस, तर मी बसूचंय नाय. एक दिवस पण नाय."